मज्जेतील क्षेत्र आणि बीज

लांब हाडांच्या पोकळीत आणि छातीचे हाड, मणके, कटी यांसारख्या हाडांच्या जाळीदार भागात जो मऊ, तेलकट, कोठे लाल तर कोठे पिवळसर गर भरलेला असतो, त्याला अस्थिमज्जा म्हणतात. मटणाच्या रश्श्यातील नळी ताटावर ठोकून जो बाहेर काढला जातो, तोच हा पदार्थ होय. प्रौढ माणसाच्या रक्तातील तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांची निर्मिती येथेच होते, आणि म्हणून रक्ताच्या कर्करोगात किंवा मज्जा सुकून जाण्याच्या विकारात रुग्णाची बिघडलेली मज्जा औषधांनी व किरणांनी नष्ट करून तिच्या जागी निरोगी दात्याची मज्जा देण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. या उपचाराला अस्थिमज्जा प्रत्यारोपण म्हणतात खरे, पण हा शब्द मूत्रपिंडाच्या शस्त्रक्रियेवरून मनात येणारे चित्र घेऊन येतो आणि म्हणून काहीसा फसवा आहे. दात्याच्या कटीच्या हाडातून सुईने शोषून घेतलेली, गाळलेली आणि गोठू नये म्हणून औषध मिसळलेली मज्जा पिशवीत भरून रुग्णाच्या शिरेतून रक्तासारखीच थेंबाथेंबाने सोडली जाते. रुग्णाच्या हाडाला कोणी हात लावत नाही, आणि शिरेत शिरलेल्या पेशी आपली वाट आपणच शोधत हाडांपर्यंत पोचतात.

मज्जेत मात्र केवळ रक्त घडवणाऱ्याच पेशी असतात असे नाही. त्यांच्या भोवती लांबट, फांद्या फुटलेल्या पेशींचे जाळे असते, चरबीच्या पेशी असतात, पातळ भिंतींच्या रक्तवाहिन्या असतात आणि हाडाच्या आतल्या पृष्ठभागाला चिकटलेल्या, हाड घडवणाऱ्या पेशीही असतात. या साऱ्या आधार देणाऱ्या ऊतीला ‘स्ट्रोमा’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ अंथरूण असा आहे, आणि तो येथे नेमका बसतो, कारण रक्तपेशी या अंथरुणावरच जन्मतात आणि वाढतात. प्रत्यारोपणानंतर रुग्णाच्या शरीरातील रक्त दात्याचे होते, याविषयी १९५६ नंतर शंका उरली नाही. पण अंथरूण कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास आणखी तीस वर्षे लागली. दुसऱ्याच्या शेतात बी पडले तर पीक बी टाकणाऱ्याचे की शेताच्या धन्याचे, हा वाद धर्मशास्त्रकारांनी संततीच्या हक्कासंबंधात पिढ्यानपिढ्या घातला, आणि ‘क्षेत्रज’ पुत्र ही संज्ञा त्याच विचारातील आहे. मज्जेच्या अभ्यासकांपुढील प्रश्न त्याहून चमत्कारिक होता: पीक बी टाकणाऱ्याचे हे उघडच होते, बियाण्याच्या पोत्यातून शेतही आले काय, एवढेच ठरवायचे होते.

या प्रश्नाची मुळे एकोणिसाव्या शतकात आहेत. रक्त मज्जेत तयार होते ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक असली, तरी १८६८ पूर्वी ती कोणी सिद्ध केलेली नव्हती. त्या वर्षी कोनिग्सबर्गच्या एर्न्स्ट नोयमान यांनी आणि इटलीच्या जुलिओ बित्सोझेरो यांनी, एकमेकांवर अवलंबून न राहता, मज्जेत केंद्रक असलेल्या तांबड्या पेशी दाखवून रक्ताच्या निर्मितीचे स्थान निश्चित केले. आयुर्वेदाच्या सप्तधातूंच्या क्रमात रक्त दुसरे आणि मज्जा सहावी येते. तेथे मज्जा हाडापासून होते, रक्त मज्जेपासून नव्हे. हाड, मज्जेतील चरबी आणि मज्जेचे जाळे ही एकाच कुळातील आहेत, हे पुढे विसाव्या शतकात दिसून आले, पण त्या योगायोगावरून पूर्वसूरींना पेशीविज्ञान ठाऊक होते असे म्हणण्याला काही अर्थ नाही. युरोपातही आरंभीचे निष्कर्ष परस्परांना छेद देणारेच होते. युलियुस कोनहाइम यांनी १८६७ मध्ये प्राण्यांच्या शिरेत रंगद्रव्य टोचले आणि दूरच्या जखमेत रंगीत पेशी आढळल्यावरून असे मांडले, की जखम भरून काढणाऱ्या पेशी, ज्यांना फायब्रोब्लास्ट म्हणजे तंतुजनक पेशी म्हणतात, त्याही रक्तातूनच येतात. गूजों यांनी १८६९ मध्ये सशाची मज्जा शरीरात दुसऱ्याच जागी ठेवून पाहिली, तेव्हा तेथे हाड तयार झाले. एका प्रयोगातून आधार देणाऱ्या पेशी रक्तातून वाहत येतात असे सुचत होते, तर दुसऱ्यातून मज्जेच्या तुकड्यातच हाड घडवण्याची शक्ती आहे असे दिसत होते. दोन्हींची सांगड घालण्याचे साधन त्या काळी कोणाजवळही नव्हते. रशियन ऊतिशास्त्रज्ञ अलेक्झांडर माक्सिमोव यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी सर्व रक्तपेशी एकाच मूळ पेशीपासून होतात असा सिद्धान्त मांडला आणि त्या पेशीच्या घडणीत भोवतालच्या ऊतीचा वाटा असल्याचे सांगितले, पण तो विचार पुढची पन्नास वर्षे बहुतांशी कागदावरच राहिला.

त्याला कागदावरून उठवले ते अणुबॉम्बने. हिरोशिमा व नागासाकी येथे वाचलेल्या लोकांपैकी अनेक जण काही आठवड्यांत रक्त नासून मेले, आणि किरणांपासून मज्जेचे रक्षण कसे करावे हा लष्करी महत्त्वाचा प्रश्न होऊन बसला. शिकागोच्या लिऑन जेकबसन यांनी १९४९ मध्ये दाखवले, की उंदराची प्लीहा शिशाने झाकून उरलेल्या शरीरावर मारक किरण सोडले तरी तो उंदीर जगतो. त्यानंतर दोन वर्षांनी एगॉन लोरेन्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किरण दिलेल्या उंदरांना मज्जा टोचून तोच परिणाम साधला. प्राण वाचत होता, पण तो कशाने, यावर विद्वानांचे दोन तट पडले. एका पक्षाच्या मते प्लीहेतून अथवा मज्जेतून काही रस पाझरतो आणि उंदराच्या स्वतःच्याच मज्जेला उभारी देतो. दुसऱ्या पक्षाच्या मते टोचलेल्या पेशीच मूळ धरतात. इंग्लंडमधील हारवेल येथे चार्ल्स फोर्ड, जॉन लाउटिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये या वादाचा निकाल ज्या युक्तीने लावला, ती पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली ठरली. उंदराच्या पेशीत ४० गुणसूत्रे असतात, आणि हारवेलच्या एका वाणात दोन गुणसूत्रांची अदलाबदल होऊन एक गुणसूत्र इतके आखूड झाले होते, की सूक्ष्मदर्शकाखाली ते ओळखण्यास चूक होणेच शक्य नव्हते. अशा उंदराची मज्जा दुसऱ्या वाणाच्या उंदराला दिली आणि काही काळाने त्याच्या मज्जेतील विभागणाऱ्या पेशी काचपट्टीवर पसरून पाहिल्या, तेव्हा ते आखूड गुणसूत्र त्यांत दिसले. रस पाझरण्याची कल्पना तेथेच संपली.

अशा उंदरांना ‘कायमेरा’ हे नाव मिळाले. ग्रीक पुराणातील हा प्राणी सिंह, बोकड आणि सर्प यांचा मिळून झालेला आहे. मराठी वाचकाने किल्ल्यांच्या दरवाजांवर कोरलेला शरभ आठवावा म्हणजे कल्पना येईल. शरभाच्या शिल्पात एक प्राणी कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे डोळ्यांना दिसते. प्रत्यारोपण झालेल्या देहात ती सीमारेषा पेशीपेशीमधून जाते, आणि ती शोधायची तर प्रत्येक पेशीवर धन्याची खूण हवी.

माणसांवरील प्रत्यारोपणाचा इतिहास स्वतंत्र ग्रंथाचा विषय आहे आणि तो येथे थोडक्यातच घ्यावा लागेल. डॉनल थॉमस यांनी १९५७ मध्ये पहिले सहा रुग्ण प्रसिद्ध केले; त्यांतील एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. पुढच्याच वर्षी युगोस्लाव्हियातील व्हिंचा येथील अणुभट्टीत अपघात होऊन किरण लागलेल्या शास्त्रज्ञांना पॅरिसमध्ये जॉर्ज माते यांनी मज्जा दिली. ऊती जुळवण्याची पद्धत हाती आल्यावर १९६८ पासून सख्ख्या भावंडांमधील प्रत्यारोपणे यशस्वी होऊ लागली, थॉमस यांच्या सिॲटल येथील केंद्रात १९७० च्या दशकात त्यांची संख्या झपाट्याने वाढली, आणि १९९० मध्ये थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. भारतातील पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आधारपेशींच्या प्रश्नाच्या दृष्टीने या सगळ्यात एक गोष्ट कळीची होती: दाता भाऊ आणि रुग्ण बहीण अशी जोडी अनेकदा जुळून येई, आणि मग निसर्गानेच पेशींवर खूण करून ठेवलेली असे. बहिणीच्या शरीरातील ज्या पेशीत ‘वाय’ गुणसूत्र सापडेल ती भावाची, ज्या पेशीत सापडणार नाही ती तिची स्वतःची. उलट जोडीत हिशेब उलट करायचा.

दरम्यान मॉस्कोच्या गमालेया संस्थेत अलेक्झांडर फ्रीडेनश्टाइन हे गूजों यांच्या विस्मृत वाटेने चालले होते. त्यांनी मज्जेचा तुकडा उंदराच्या मूत्रपिंडाला वेढणाऱ्या पातळ आवरणाखाली सरकवला. तेथे काही दिवसांत तुकड्यातील रक्तपेशी मरून गेल्या आणि फक्त लांबट, दुर्लक्ष करावे अशा दिसणाऱ्या पेशी उरल्या. पण त्याच पेशींनी आधी हाडाचे कोवळे जाळे विणले, मग त्यात पोकळी झाली, रक्तवाहिन्या पसरल्या, आणि अखेर मूत्रपिंडाच्या पाठीवर हाडाच्या कवचातली एक लहानशी लाल मज्जा तयार झाली. अमेरिकेत मेहदी तवस्सोली आणि विल्यम क्रॉस्बी यांनीही १९६८ मध्ये हाच क्रम वर्णिला. फ्रीडेनश्टाइन यांनी त्याच वर्षी पुढचा प्रश्न विचारला आणि या नव्या मज्जेतील कोणता भाग कोणाचा हे तपासले. हाड आणि जाळे दात्याचे होते. रक्त मात्र यजमान उंदराचे होते, त्याच्या रक्तप्रवाहातून येऊन तेथे वस्तीला उतरलेले. दात्याने शेत दिले होते आणि यजमानाच्या बियाण्याने ते पेरले गेले होते. दवाखान्यात शिरेतून दिलेल्या मज्जेची गोष्ट याच्या बरोबर उलट निघणार होती, पण ते कळायला अवकाश होता.

फ्रीडेनश्टाइन यांचे दुसरे मोठे काम १९७० चे. गिनीपिगच्या मज्जेच्या पेशी त्यांनी काचेच्या बशीत ठेवल्या, जे तळाला चिकटले नाही ते ओतून टाकले आणि जे चिकटले ते वाढू दिले. दहाएक दिवसांत तळावर विखुरलेल्या लहान लहान वसाहती दिसू लागल्या, प्रत्येक वसाहत एकाच पेशीपासून झालेली, आणि त्यातील पेशी सुताच्या चातीसारख्या दोन्ही टोकांना निमुळत्या. मज्जेच्या दहा हजार ते एक लाख पेशींमागे अशी वसाहत घडवणारी पेशी एखादीच असते. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण प्रत्यारोपणाच्या पिशवीत रक्ताचे बियाणे भरपूर असले तरी शेत घडवणाऱ्या पेशी किती तुटपुंज्या असतात, याचे उत्तर त्यात आहे.

१९७० च्या दशकात प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या निरनिराळ्या अवयवांतील पेशींचे धनी शोधण्याची लाटच आली, आणि तिने अनेक समजुती वाहून नेल्या. फुप्फुसाच्या वायुकोशांतील महाभक्षी पेशी, म्हणजे जंतू व कचरा गिळणाऱ्या मोठ्या पेशी, दात्याच्या मज्जेतून येतात हे १९७६ मध्ये दिसले; यकृतातील त्यांच्या भाऊबंदांविषयी तेच १९७८ मध्ये सिद्ध झाले. हाड कुरतडणाऱ्या पेशींच्या दोषामुळे हाडे दगडासारखी घट्ट होत जाण्याचा एक जन्मजात विकार आहे. तो झालेल्या एका तान्ह्या मुलीला तिच्या भावाची मज्जा दिल्यावर १९८० मध्ये असे आढळले, की हाड कुरतडणाऱ्या पेशी भावाच्या झाल्या, पण हाड घडवणाऱ्या पेशी मुलीच्याच राहिल्या. एकाच हाडाच्या एकाच तुकड्यात मोडणारा गवंडी परका आणि बांधणारा घरचा, असा हा देखावा होता. त्यातून मिळणारा इशारा मात्र त्या वेळी पुरेसा कोणी मनावर घेतला नाही. स्थानिक वाटणाऱ्या इतक्या पेशी रक्ताच्या कुळातील निघाल्यामुळे उरलेल्याही निघतील, असाच वाऱ्याचा रोख होता.

आधारपेशींना प्रयोगशाळेत प्रत्यक्ष हाताळण्याची सोय मायकेल डेक्स्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मँचेस्टर येथे १९७७ मध्ये करून दिली. तोवर मज्जेतील रक्तजनक पेशी शरीराबाहेर फार काळ तग धरत नसत. डेक्स्टर यांनी उंदराच्या मांडीच्या हाडातील मज्जा घोड्याच्या रक्तरसात, ३३ अंश सेल्सिअस उष्णतेत, सपाट तळाच्या बाटलीत ठेवली आणि दर आठवड्याला द्रवाचा निम्मा भाग काढून तेवढाच ताजा घातला. दोन-तीन आठवड्यांत बाटलीच्या तळाशी चिकटलेल्या पेशींचा थर जमला: पसरट पेशी, चरबीने टम्म फुगलेल्या पेशी आणि त्यांच्या खाली फरसबंदीच्या दगडांसारख्या दाटीने बसलेल्या रक्तजनक पेशी. हा थर असेपर्यंत वरच्या द्रवात कित्येक महिने नव्या रक्तपेशी येत राहत. अंथरुणाची कल्पना आता डोळ्यांनी पाहता येऊ लागली. अंथरूण बिघडले तर बी निरुपयोगी, हे उंदरांच्या दोन जन्मजात पांडुरोगी वाणांवरून आधीच ठाऊक झाले होते: एका वाणाला निरोगी मज्जा दिली की तो बरा होई, कारण दोष बियाण्यात होता, दुसऱ्याला कितीही निरोगी मज्जा दिली तरी फरक पडत नसे, पण त्याची स्वतःची मज्जा पहिल्या वाणाला दिली तर पहिला बरा होई, कारण दोष जमिनीत होता. रे स्कोफिल्ड यांनी १९७८ मध्ये या सगळ्याला सिद्धान्ताचे रूप दिले: मूलपेशी, म्हणजे स्वतःची नक्कल आणि इतर पेशी दोन्ही घडवू शकणारी पेशी, आपल्या ठरलेल्या कोनाड्यात बसलेली असते तोवरच मूलपेशी राहते.

मग प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या मज्जेची बाटली लावून तळाच्या थरात ‘वाय’ गुणसूत्र शोधणे ओघानेच आले. लॉस एंजेलिसच्या डेव्हिड गोल्डे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मज्जेतील फायब्रोब्लास्ट वाढवून पाहिले आणि ते रुग्णाचेच असल्याचे सांगितले. त्यानंतर दोन वर्षांनी सिॲटलमधून आर्मंड कीटिंग, जॅक सिंगर आणि इतरांचा निबंध ‘नेचर’मध्ये आला, आणि त्याचा निष्कर्ष नेमका उलटा होता: दीर्घकाळ चालवलेल्या बाटलीतील आधारथर दात्याचा होतो, आणि प्रत्यारोपणाला जितके दिवस लोटतात तितके त्यातील दात्याचे प्रमाण वाढत जाते. हे मान्य केले तर शिरेतून दिलेल्या पिशवीभर मज्जेतून बी आणि शेत दोन्ही जातात, असाच अर्थ होत होता. पाच वर्षांनी, १९८७ मध्ये, त्याच सिॲटलमधून, त्याच ‘नेचर’मध्ये पॉल सिमन्स, बेव्हर्ली टोरोक-स्टोर्ब आणि सहकाऱ्यांचा निबंध छापून आला; त्याच्या शीर्षकातच आधारपेशी यजमानाच्या असल्याचे म्हटले होते. डॉनल थॉमस यांचे नाव दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहे. आपल्याच केंद्राच्या पाच वर्षांपूर्वीच्या निष्कर्षाविरुद्ध नाव घालण्यात त्यांना संकोच वाटला नाही, ही गोष्ट नोबेलइतकीच नोंदवण्याजोगी मानली पाहिजे.

दोन्ही निबंधांतील फरक प्रामाणिकपणाचा नव्हता. तो बाटलीच्या तळाशी काय आहे हे ओळखण्याच्या साधनाचा होता. तळाला चिकटणारा थर एकजिनसी नसतो. त्यात खऱ्या आधारपेशी असतात, तशाच महाभक्षी पेशीही असतात, कारण काचेला चिकटणे हा महाभक्षी पेशींचाही स्वभाव आहे. आणि त्या पेशी दात्याच्या, हे तर १९७६ पासूनच माहीत होते. गुणसूत्रे मोजायची असतील तर विभागणारी पेशी थांबवून, पाण्याने फुगवून, काचपट्टीवर पसरावी लागते; गुणसूत्रे दिसतात, पण पेशीचा आकार मोडतो आणि ती कोणत्या जातीची होती हे सांगणारा पुरावा त्याच क्षणी नाहीसा होतो. म्हणजे ‘कोणाची’ हे कळत असे तेव्हा ‘कोणती’ हे कळत नसे. सिमन्स यांच्या गटाने हे दोन्ही प्रश्न एकाच पेशीला एकाच वेळी विचारले. ‘वाय’ गुणसूत्राला जाऊन चिकटणारा डीएनएचा खूण लावलेला तुकडा त्यांनी थरावर सोडला, आणि त्याच थरावर निरनिराळ्या जातींच्या पेशींना ओळखणारी, चमकणाऱ्या रंगाची प्रतिद्रव्येही वापरली. ज्या पेशींवर दात्याची खूण उमटली त्या रक्ताच्या कुळातील निघाल्या; ज्या खऱ्या अर्थाने आधारपेशी होत्या त्यांवर रुग्णाचीच खूण राहिली. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या जोसेफ लेव्हर आणि ह्यूगो कास्त्रो-मालास्पिना यांच्या गटाने स्वतंत्रपणे हाच निष्कर्ष काढला, आणि १९९१ मध्ये जपानमधून प्रत्यारोपणानंतरच्या सर्व काळात फायब्रोब्लास्ट रुग्णाचेच राहतात असे प्रसिद्ध झाले. वाद पूर्ण मिटला असे म्हणता येत नाही, कारण पुढेही काही रुग्णांत दात्याच्या थोड्या आधारपेशी सापडल्याच्या नोंदी अधूनमधून होत राहिल्या. पण अपवाद आणि नियम यांच्या जागा तेव्हाच ठरून गेल्या.

नियम असा का, याची कारणे फ्रीडेनश्टाइन यांच्या प्रयोगाशी तुलना केली की उलगडतात. मूत्रपिंडाच्या आवरणाखाली मज्जेचा अखंड तुकडा ठेवला होता, आणि आधारपेशींना कोठे जायचेच नव्हते. बसल्या जागी त्यांनी घर बांधले. शिरेतून सोडलेल्या आधारपेशी रक्तपेशींपेक्षा मोठ्या असतात आणि त्यांतील बहुतेक फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात. रक्तजनक मूलपेशींना हाडाकडे परतण्याची जी उपजत जाण असते, ती यांच्यात फारशी नाही. शिवाय पिशवीत त्यांची संख्याच नगण्य, आणि रुग्णाच्या स्वतःच्या आधारपेशी क्वचितच विभागत असल्यामुळे किरणांना व औषधांना बऱ्यापैकी पुरून उरतात. जागा रिकामीच होत नाही, मग नवा भाडेकरू शिरणार कोठे?

या निकालाचे रोगचिकित्सेत थेट परिणाम आहेत. काही विकारांत मज्जेत तंतूंचे रान माजते आणि रक्तनिर्मिती गुदमरते; ते तंतू विणणाऱ्या पेशीही कर्करोगी असाव्यात असा संशय होता, पण खुणा तपासल्यावर त्या निरोगी आणि केवळ चिथावल्या गेलेल्या निघाल्या, आणि प्रत्यारोपण यशस्वी झाले की आधारपेशी रुग्णाच्याच राहूनही ते रान ओसरते. उलट बाजूही आहे. हर्लर विकारासारख्या पेशींत कचरा साठत जाण्याच्या जन्मजात रोगांत प्रत्यारोपणाने यकृत, प्लीहा सुधारतात, पण हाडांची वाकडी वाढ पुरती सुधारत नाही. ओमर कोच आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अशाच साठवणीच्या विकारांतील रुग्णांची मज्जा तपासली, तेव्हा रक्त दात्याचे झालेले असूनही आधारपेशी रुग्णाच्याच राहिलेल्या आढळल्या.

याच सुमारास या पेशींचे नाव बदलले, आणि नावाने जे केले ते कोणत्याही बाटलीने केले नव्हते. अमेरिकेच्या आर्नल्ड कॅप्लन यांनी १९९१ मध्ये त्यांना ‘मेसेंकायमल स्टेम सेल’ म्हटले, म्हणजे गर्भाच्या मधल्या ऊतीच्या कुळातील मूलपेशी. हाड, कूर्चा आणि चरबी घडवू शकणाऱ्या पेशीला हे नाव अगदीच गैर नव्हते, पण ‘मूलपेशी’ हा शब्द लागताच तिच्याकडून हृदय, मेंदू, सांधे सारे काही दुरुस्त करून घेण्याची अपेक्षा बाजारात उभी राहिली, आणि ती पुरवण्याचे दावे करणारी दुकानेही. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात एडविन हॉरविट्झ यांनी ठिसूळ हाडांचा जन्मजात विकार असलेल्या तीन मुलांना मज्जा दिल्यावर, हाड घडवणाऱ्या पेशींपैकी दीड ते दोन टक्के दात्याच्या झाल्याचे १९९९ मध्ये नोंदवले. एवढ्याशा प्रमाणाने मुलांना फायदा झाल्याचे त्यांनी लिहिले, पण प्रमाण एवढेसेच होते हेही लपवले नाही. त्याच हॉरविट्झ यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २००५ मध्ये ‘स्टेम’ हा शब्द काढून ‘स्ट्रोमल’ म्हणजे आधारपेशी हा शब्द वापरावा असे सुचवले. पुढच्या वर्षी ओळखीचे निकष ठरले, आणि त्यात बशीच्या तळाला चिकटणे एवढ्यावर न थांबता पेशीच्या पृष्ठभागावर रक्ताच्या कुळाच्या खुणा नसणे हीही अट घातली गेली. कॅप्लन यांनीही २०१७ मध्ये नाव बदलण्याची वेळ आली असल्याचे लिहिले, पण जुने नाव अजून पाट्यांवर आहे.

प्रयोगशाळेच्या रोजच्या कामात मात्र १९८७ चा निकाल निमूटपणे रुजला आहे. प्रत्यारोपण झालेल्या माणसाचा रक्तगट दात्याचा होतो, त्याच्या रक्तातील डीएनए दात्याचा असतो, आणि त्याच्या स्वतःच्या जन्मजात गुणसूत्रांची तपासणी करायची असल्यास रक्त घेऊन उपयोग नसतो. गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने घेतलेला नमुनाही भरवशाचा नसतो, कारण लाळेत दात्याच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात आणि १९८२ च्या बाटलीत झाली तीच गफलत तेथे पुन्हा होते. अशा वेळी त्वचेचा बारीक तुकडा काढून त्यातील फायब्रोब्लास्ट बशीत वाढवले जातात आणि डीएनए त्यांच्यातून घेतला जातो.